डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप : हातात धरण्यापासून केसपेपरवरच्या नोंदीपर्यंत

एमबीबीएस होताना हौसेने घेतलेला ऑफ्थॅल्मोस्कोप, म्हणजे बाहुलीतून डोळ्याचा आतला पडदा पाहण्याचे दिव्याचे उपकरण, पुढे काही वर्षांनी दवाखान्याच्या खणात सापडतो, तेव्हा त्याच्या मुठीत (दांड्यात) सेल पाझरून पांढरट-हिरवा थर साचलेला असतो. मालकाला विचारावे तर उत्तर ठरलेले असते : ‘त्यातून नीट काही दिसत नाही.’ या तक्रारीत थोडे तथ्य आहे, कारण हे उपकरण स्टेथोस्कोपसारखे पहिल्याच दिवशी वश होत नाही. परंतु माझ्या अनुभवाप्रमाणे निम्म्याहून अधिक अडचण एकाच गोष्टीची असते, ती म्हणजे पाहणारा रुग्णाच्या पुरेसा जवळ जात नाही. पुढील लेख इंटर्न, निवासी डॉक्टर आणि फॅमिली डॉक्टर यांना समोर ठेवून लिहिला आहे. डोळ्यांचे तज्ज्ञ नसलेल्या, पण ज्यांच्यापुढे मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे रुग्ण रोज येऊन बसतात, अशांसाठी तो आहे.

बाहुली काळी का दिसते?

तंत्राकडे वळण्यापूर्वी एक प्रश्न सोडवून ठेवावा, म्हणजे पुढच्या अर्ध्या सूचना पाठ कराव्या लागत नाहीत. डोळ्याचा पडदा लालसर-नारिंगी असतो, त्यावर प्रकाशही पडतो, तरीही बाहुली काळी दिसते. याचे कारण असे की बाहुलीतून आत गेलेला प्रकाश जवळजवळ त्याच वाटेने, उगमाकडेच परततो. तो पाहायचा तर आपला डोळा नेमका त्या वाटेवर ठेवावा लागतो, आणि तसे केले की आपलेच डोके दिव्याच्या आड येते. हा पेच हेर्मान फॉन हेल्महोल्ट्झ याने १८५० च्या अखेरीस क्योनिग्सबर्ग येथे सोडवला आणि १८५१ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. विद्यार्थ्यांसमोर डोळ्याच्या चमकेचे स्पष्टीकरण देण्याची तयारी करताना त्याला ही युक्ती सुचली. पुठ्ठा, चष्म्याची भिंगे आणि सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइडवर ठेवतात त्या पातळ काचा एवढ्याच सामग्रीवर त्याने पहिले उपकरण जुळवले. तिरप्या काचेवरून दिव्याचा प्रकाश रुग्णाच्या डोळ्यात वळवायचा आणि त्याच काचेतून आरपार पाहायचे, अशी ती योजना होती. चार्ल्स बॅबेजने १८४७ च्या सुमारास असेच एक साधन करून एका नामवंत नेत्रवैद्याला दाखवले होते, मात्र त्या वैद्याला त्याचे मोल उमगले नाही. थोड्याच काळात क्योनिग्सबर्गच्याच रेकोस नावाच्या कारागिराने भिंगांची फिरती चकती जोडली. आज आपण तर्जनीने फिरवतो ते चाक म्हणजे तिचेच पुढचे रूप होय.

तेव्हा प्रकाशाची वाट आणि आपल्या नजरेची वाट एक झाली पाहिजे, हे सूत्र ध्यानात असले की उपकरण कपाळाला का टेकवायचे, मान का हलू द्यायची नाही, हे आपोआप कळते.

रुग्ण आत येण्यापूर्वी

दिवा सुरू करून प्रकाश आपल्या तळहातावर पाडावा. वर्तुळ गोल, एकसारखे आणि ठळक दिसले पाहिजे. पिवळट, मंद किंवा एका बाजूने कापलेले दिसले तर सेल बदलावेत किंवा बल्ब पुन्हा बसवावा. मंद दिव्याने तपासणी करणे म्हणजे न करण्यासारखेच आहे, आणि त्यातून ‘मला जमत नाही’ हा गैरसमज तेवढा पक्का होतो. मग प्रकाशछिद्रे एकेक करून फिरवून पाहावीत. मोठे वर्तुळ औषधाने मोठ्या केलेल्या बाहुलीसाठी आणि लहान वर्तुळ साध्या बाहुलीसाठी असते. फटीसारखी रेघ उंचसखलपणा जोखण्यासाठी आणि मापाच्या खुणा असलेली चकती नजर स्थिर राहते का हे पाहण्यासाठी आहे. हिरवा प्रकाश रक्तवाहिन्या व रक्तस्राव उठून दिसावेत म्हणून दिलेला असतो, त्यात रक्त काळे दिसते. निळा असल्यास तो फ्लुरोसीन हा रंग डोळ्यात टाकल्यावर पारपटलावरचा, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक आवरणावरचा, ओरखडा शोधण्यासाठी आहे.

भिंगांच्या चाकावर काळे (काही बनावटीत हिरवे) आकडे अधिक नंबराचे आणि लाल आकडे उणे नंबराचे असतात. स्वतःचा चष्मा काढून तेवढा नंबर चाकावर लावता येतो. ज्यांना सिलिंड्रिकल नंबर बराच आहे त्यांनी मात्र चष्मा ठेवूनच पाहावे, कारण या चाकात सिलिंडर नसतो. रुग्णाचा चष्मा काढावा. उणे नंबर फारच मोठा असेल तर रुग्णाच्या चष्म्यातूनच पाहणे सोपे जाते, कारण तसे न केल्यास चित्र इतके मोठे होते की नजरेत डिस्कचा, म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या नसेच्या तोंडाचा, तुकडाच तेवढा मावतो.

थेंब टाकण्याआधी तीन गोष्टी

बाहुली मोठी न करता डिस्क पाहता येते आणि सरावाने ती पाहायला शिकावेही. पण मधुमेहींचा मॅक्युला, म्हणजे पडद्याचा बारीक पाहण्याचा मधला भाग, पाहायचा असेल तर थेंबांना पर्याय नाही. थेंब टाकण्यापूर्वी दोन्ही डोळ्यांची दृष्टी तक्त्यावर वेगवेगळी तपासून लिहून ठेवावी. टॉर्च एका डोळ्यावरून दुसऱ्यावर नेत बाहुल्यांची प्रतिक्रिया पाहावी, कारण एकदा थेंब पडले की पुढचे काही तास ही माहिती मिळत नाही. तिसरे म्हणजे टॉर्च कानाच्या बाजूने आडवी धरून प्रकाश बुबुळाच्या पातळीत सोडावा. नाकाकडचा बुबुळाचा भाग उजळला तर पुढचा कप्पा पुरेसा खोल आहे असे समजावे. तिथे सावली पडली तर कप्पा उथळ आहे, आणि अशा डोळ्यात बाहुली मोठी केल्यास काचबिंदूचा तीव्र झटका येण्याचा धोका असतो. असे रुग्ण थेंब न टाकता नेत्रतज्ज्ञांकडे पाठवावेत. डोक्याला मार लागलेल्या आणि बाहुल्यांवर लक्ष ठेवणे चालू असलेल्या रुग्णाला तर संबंधित डॉक्टरांना विचारल्याशिवाय थेंब टाकूच नयेत.

थेंब ट्रॉपिकामाइडचे वापरावेत. त्याचा परिणाम वीस ते तीस मिनिटांत दिसतो आणि साधारण चार ते सहा तासांत ओसरतो. बाजारात ट्रॉपिकामाइड व फिनाइलएफ्रिन यांचे मिश्रणही मिळते, परंतु रक्तदाब आटोक्यात नसलेल्या किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णांना फिनाइलएफ्रिन टाळणे शहाणपणाचे. ॲट्रोपिन या कामासाठी वापरू नये, त्याने बाहुली आठवडाभराहूनही अधिक काळ मोठी राहू शकते. कोणता थेंब, कोणत्या डोळ्यात, किती वाजता टाकला हे केसपेपरवर लिहावे. रुग्ण स्वतः दुचाकी चालवत आला आहे का, हेही थेंब टाकण्यापूर्वी विचारावे. टाकल्यावर विचारून उपयोग नसतो, हे मी एका संध्याकाळी एका गृहस्थांना चार तास बाकावर बसवून शिकलो.

बसणे, धरणे आणि जवळ जाणे

खोलीत मंद अंधार असावा, मिट्ट काळोखाची गरज नाही. रुग्णाला दूरवरची एक ठळक वस्तू दाखवून द्यावी. माझ्याकडे समोरच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेले असते. ‘आजी, त्या कॅलेंडरवरच्या मोठ्या आकड्याकडे बघत राहा. माझं डोकं मध्ये आलं तरी तिकडेच बघतोय असं समजा. पापण्या मिटल्या तरी चालेल, फक्त माझ्या दिव्याकडे बघू नका.’ एवढे बोलण्यात गेलेले अर्धे मिनिट पुढे पाच मिनिटे वाचवते, कारण रुग्णाने दिव्याकडे पाहिले की त्याची बाहुली आकसते आणि प्रकाश थेट मॅक्युलावर पडून त्याला दिपून जायला होते. आपण फार जवळ येणार आहोत हेही आधीच सांगावे, विशेषतः स्त्री रुग्णांना, आणि त्या वेळी खोलीत नर्स किंवा नातेवाईक असावेत.

रुग्णाच्या उजव्या डोळ्यासाठी आपला उजवा हात आणि उजवा डोळा, डाव्यासाठी डावे. हा नियम मोडला तर नाकाला नाक लागते. सुरुवातीला डाव्या डोळ्याने पाहणे अवघड वाटते, पण तो सराव टाळू नये. उपकरणाचा वरचा भाग आपल्या भुवईच्या हाडाला घट्ट टेकवावा, तर्जनी चाकावर असावी, आणि यापुढे डोके, हात व उपकरण एकाच ठोकळ्यासारखे हलावे. मोकळ्या हाताचा पंजा रुग्णाच्या कपाळावर ठेवून अंगठ्याने वरची पापणी हलकेच उचलता येते. शिवाय अंधारात आपण नेमके किती जवळ आलो, हे त्या अंगठ्यावरून समजते. आपला दुसरा डोळा उघडाच ठेवावा. मिटला की स्नायू ताणले जातात, नजर जवळच्यासाठी जुळवून घेते आणि चित्र धूसर होते.

आधी हातभर अंतरावरून बाहुलीवर प्रकाश टाकावा. ती नारिंगी-लाल चमकेल. छायाचित्रात फ्लॅशने डोळे लाल येतात, तीच ही चमक. इथे घाई करू नये, कारण हा टप्पा फुकटात पुष्कळ काही सांगतो. मोतीबिंदू असेल तर लाल पार्श्वभूमीवर काळे डाग किंवा चाकाच्या आऱ्यांसारख्या रेघा दिसतात. रुग्णाला किंचित वर पाहायला सांगितल्यावर डाग नजरेबरोबर वर गेला तर तो बाहुलीच्या पातळीच्या पुढे आहे, आणि उलट खाली सरकला तर मागे. चमक अजिबात नसेल तर पक्व मोतीबिंदू किंवा आतल्या काचरसात झालेला रक्तस्राव संभवतो. लहान मुलात चमक पांढरी दिसली, किंवा दोन डोळ्यांत फरक दिसला, तर जन्मजात मोतीबिंदू आणि रेटिनोब्लास्टोमा हा पडद्याचा कर्करोग, अशा दोन्ही शक्यता मनात धरून त्या मुलाला त्याच दिवशी पुढे पाठवावे. ‘मोठं झालं की बघू’ असे घरच्यांना म्हणू देऊ नये.

आता ती लाल चमक नजरेतून न सुटू देता पुढे सरकावे. समोरून सरळ जाण्याऐवजी कानाच्या बाजूने सुमारे पंधरा अंशांचा कोन ठेवावा आणि आपला डोळा रुग्णाच्या डोळ्याच्या उंचीवरच राहील असे पाहावे. डिस्क मॅक्युलापासून नाकाच्या बाजूला साधारण तेवढ्याच कोनावर असल्यामुळे, रुग्ण खरोखर कॅलेंडरकडे पाहत असेल तर या वाटेने गेल्यावर ती आपोआप समोर येते. आपल्या बोटांची पेरे रुग्णाच्या गालाला लागेपर्यंत, म्हणजे दोन-तीन सेंटिमीटर अंतरापर्यंत जावे. कुलपाच्या भोकातून खोलीत डोकावताना डोळा भोकाला भिडवल्याशिवाय खोली दिसत नाही, तसेच हे आहे. दहा सेंटिमीटरवर थांबलेल्या माणसाला दिसतो तो बहुधा पारपटलावरचा आपल्याच दिव्याचा लखलखीत ठिपका. इंटर्नशिपमध्ये पंधरा दिवस मी त्या ठिपक्यालाच डिस्क समजत होतो आणि सगळ्यांबरोबर ‘हो, दिसली’ म्हणत होतो. सोळाव्या दिवशी सरांनी विचारले, ‘वरची कडा कशी होती?’ माझ्याकडे उत्तर नव्हते.

एवढ्या जवळ जाण्याचा संकोच घालवण्यासाठी एक घरगुती उपाय आहे. गोळ्यांची रिकामी अपारदर्शक बाटली घ्यावी, तळाला आतून वर्तमानपत्रातील बारीक मजकुराचा तुकडा चिकटवावा आणि झाकणाला सहा ते आठ मिलिमीटरचे भोक पाडावे. बाटली सात-आठ सेंटिमीटर उंच असेल तर अधिक बारा ते पंधराच्या आसपासच्या भिंगाने मजकूर वाचता येतो. एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर नजर न सुटता नेता आली, की रुग्णाच्या डोळ्यातही रक्तवाहिनी धरून चालता येते.

पडद्यावर पोहोचल्यावर

चाक शून्यावर ठेवून सुरुवात करावी आणि रक्तवाहिनीची कडा रेखीव होईपर्यंत फिरवावे. रुग्णाला उणे नंबर असेल तर लाल आकड्यांकडे, अधिक असेल तर काळ्या आकड्यांकडे जावे लागते. नवशिक्याला आपण नजर जुळवून घेत असल्यामुळे एक-दोन उणे जास्त लागतात, त्यात काळजीचे काही नाही. दृश्य सुमारे पंधरा पट मोठे दिसते, पण एका वेळी दिसणारा भाग अगदी लहान, जेमतेम दोन डिस्क मावतील एवढाच असतो. म्हणून डिस्क लगेच दिसली नाही तर इकडेतिकडे शोधाशोध करू नये. जी रक्तवाहिनी दिसेल ती धरावी. तिला फाटे फुटतात तिथे तयार होणाऱ्या कोनाचे टोक डिस्ककडे असते, त्या दिशेने सरकत राहावे.

डिस्क म्हणजे डोळ्याच्या नसेचे आतले तोंड. तिचा व्यास साधारण दीड ते दोन मिलिमीटर असतो. प्रथम कडा पाहावी. ती स्पष्ट असते, मात्र नाकाकडची बाजू निरोगी डोळ्यातही किंचित पुसट असते, त्यावरून सूज ठरवू नये. मग रंग पाहावा. फिकट गुलाबी-नारिंगी रंग निरोगी, तर खडूसारखा पांढरा रंग नस सुकल्याचे लक्षण. नंतर मधला फिकट खळगा, म्हणजे कप, पाहावा. त्याचा उभा व्यास डिस्कच्या किती पट आहे हे दशांशात लिहितात. ०.३ च्या आसपासचा कप सर्रास आढळतो. तो ०.६ च्या पुढे गेला, किंवा दोन डोळ्यांत ०.२ किंवा अधिक फरक दिसला, तर काचबिंदूची तपासणी करून घ्यायला सांगावे. कपचा अंदाज केवळ रंगावरून न घेता बारीक रक्तवाहिन्या कुठे वळतात, यावरून घ्यावा. डिस्कवरची शीर आपोआप धडधडताना दिसली तर कवटीतील दाब बहुधा वाढलेला नाही असे मानता येते. ती न दिसण्याला मात्र फारसा अर्थ नाही, कारण काही निरोगी माणसांतही ती दिसत नाही.

डिस्कवरून चारही दिशांना रक्तवाहिन्यांचा माग घ्यावा. धमनी बारीक, उजळ आणि मधून चमकती रेघ असलेली, तर शीर गडद व जाड असते. त्यांच्या जाडीचे प्रमाण साधारण दोनास तीन. रक्तदाबाच्या जुन्या रुग्णात धमनी शिरेला ओलांडते तिथे शीर दाबल्यासारखी, दोन्ही बाजूंनी निमुळती दिसते. रक्तस्रावाचा आकार तो कोणत्या थरात आहे हे सांगतो. वरच्या तंतूंच्या थरातला ज्योतीसारखा पसरतो आणि खोलातला गोल ठिपक्यासारखा राहतो. पिवळे, रेखीव कडांचे कण म्हणजे झिरपून साचलेले स्निग्ध द्रव्य. कापसाच्या बोळ्यासारखे पुसट पांढरे डाग म्हणजे रक्तपुरवठा तुटलेला तंतूंचा भाग.

मॅक्युला सगळ्यात शेवटी पाहावा, कारण त्यानंतर रुग्ण दिपलेला असतो. तो डिस्कपासून कानाच्या बाजूला सुमारे दोन डिस्क अंतरावर आणि किंचित खाली असतो. सापडत नसेल तर रुग्णाला क्षणभर दिव्याकडेच पाहायला सांगावे. गडद जागेच्या मध्यभागी तरुण डोळ्यात एक चमकता बिंदू दिसतो.

एक काका चष्म्याचा नंबर वाढला म्हणून आले होते. ‘पेपर वाचताना मधली अक्षरं पुसल्यासारखी वाटतात, डॉक्टर.’ मधुमेह नऊ वर्षांचा, पण डोळ्याचा पडदा एकदाही तपासलेला नव्हता, कारण लांबचे सगळे स्वच्छ दिसत होते. उजव्या डोळ्यात मॅक्युलाच्या वरच्या कडेला पिवळ्या कणांचे अर्धवर्तुळ होते, आणि त्याच्या मध्यावर तीन-चार लाल टाचणीएवढे ठिपके. नवा चष्मा त्यांच्या काहीच कामाचा नव्हता. टाइप २ मधुमेहात निदान होताच आणि त्यानंतर दरवर्षी पडदा तपासायचा, तर टाइप १ मध्ये पाच वर्षांच्या आत सुरुवात करायची, हे वेळापत्रक दिसण्याच्या तक्रारीवर अवलंबून नसते.

काय लिहावे, कोणाला कधी पाठवावे

‘फंडस (डोळ्याचा आतला मागचा भाग) नॉर्मल’ एवढेच लिहिणे मला मान्य नाही. डिस्कची कडा, रंग, कप किती, रक्तवाहिन्या, मॅक्युला आणि बाहुली मोठी केली होती की नाही, एवढे प्रत्येक डोळ्यासाठी स्वतंत्र लिहावे. दोष आढळल्यास त्याची जागा घड्याळाच्या काट्याप्रमाणे आणि अंतर डिस्कच्या मापात नोंदवावे, उदाहरणार्थ, ‘दोनच्या दिशेला, डिस्कपासून दीड डिस्क अंतरावर, ज्योतीसारखा रक्तस्राव’. शेजारी गोल काढून खूण केली तर अधिक चांगले. मॅक्युला दिसला नसेल तर ‘दिसला नाही’ असेच लिहावे. पुढच्या डॉक्टरला अशा प्रामाणिक नोंदीचाच उपयोग होतो.

दोन्ही डिस्क सुजलेल्या असतील, किंवा एका डोळ्याची दृष्टी एकाएकी जाऊन पडदा पांढुरका व मॅक्युला चेरीसारखा लाल दिसत असेल, तर त्याच तासाला मोठ्या रुग्णालयात पाठवावे. पहिल्यात कवटीतील दाबाची, दुसऱ्यात मुख्य धमनी बंद पडल्याची शंका असते. डोळ्यासमोर विजा चमकणे, अचानक काळे ठिपके पडणे किंवा बाजूने पडदा ओढल्यासारखे वाटणे अशी तक्रार असेल, तर आपल्याला आत सगळे ठीक दिसले तरी त्याच दिवशी तज्ज्ञांकडे धाडावे. पडदा सुटायला सुरुवात कडेकडून होते, आणि डायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोप कडेपर्यंत पोहोचत नाही. त्यातून एकाच डोळ्याने पाहत असल्यामुळे खोलीही नीट कळत नाही.

ते काम इनडायरेक्ट ऑफ्थॅल्मोस्कोपचे. त्यात दिवा डॉक्टरांच्या डोक्यावर असतो आणि हातात बहुधा २० नंबरचे भिंग असते. मोठेपणा फक्त तीन पट, पण दोन्ही डोळ्यांनी आणि कितीतरी मोठा भाग दिसतो. मात्र चित्र वर-खाली व डावे-उजवे, दोन्ही अर्थांनी उलटे असते. म्हणून पडद्याचे तज्ज्ञ रुग्णाला आडवे झोपवून चित्र काढायचा कागद त्याच्या छातीवर उलटा ठेवतात आणि दिसेल तसे रेखाटत जातात. काम संपल्यावर कागद सरळ केला की चित्रही सरळ होते. अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा पडदा याच उपकरणाने तपासतात. आपल्याकडे ३४ आठवड्यांपूर्वी किंवा दोन किलोंपेक्षा कमी वजनाचे जन्मलेल्या बाळाची ही तपासणी जन्मानंतर तीस दिवसांच्या आत व्हायला हवी, आणि २८ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्यांची दोन-तीन आठवड्यांतच. डिस्चार्ज कार्डावर ती झाल्याची नोंद आहे का, हे लस टोचायला आलेल्या आईला विचारायला फॅमिली डॉक्टरला काहीच अडचण नसते.

मोबाइलला जोडून पडद्याचे छायाचित्र घेणारी साधने आता भारतातही तयार होतात आणि शिबिरांत ती फार उपयोगी पडतात. छायाचित्र तज्ज्ञांना पाठवता येते, हा त्यांचा मोठा लाभ. तरीही रात्री अडीच वाजता डोकेदुखी आणि उलट्या घेऊन आलेल्या रुग्णाची डिस्क पाहायला वॉर्डात सहसा डायरेक्टच हाताशी असतो.

तपासणी झाली की कपाळाला टेकणारा भाग स्पिरिटच्या बोळ्याने पुसावा. भिंगांना स्पिरिट लावू नये, कोरडे मऊ कापड पुरते. दिवा बंद झाल्याची खात्री करून उपकरण डबीत ठेवावे, आणि महिनाभर लागणार नसेल तर सेल बाहेर काढून ठेवावेत.